पासवर्ड बरोबर आहे, सर्व्हर जुना आहे

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : महाविद्यालयांच्या वायफायला लिनक्स लॅपटॉप न जोडले जाण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सोलापुरात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतून इंजिनिअरिंगला, पॉलिटेक्निकला येणाऱ्या मुलांकडे सेकंडहँड लॅपटॉप असतात, आणि त्यातले बरेचसे त्याआधीचे. त्यावर उबुंटू किंवा मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचे प्रकार) टाकलं की लॅपटॉप आणखी काही वर्षं सहज चालतो. घोडं अडतं ते कॉलेजच्या वायफायपाशी. तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं : ‘लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोज टाक.’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचं आहे. कुठल्या एका महाविद्यालयाकडे बोट दाखवायचं नाही. दुखणं सर्वत्र एकाच जातीचं आहे.

लक्षण असं. विद्यार्थी युजरनेम-पासवर्ड भरतो, चक्र फिरत राहतं आणि पासवर्डची चौकट पुन्हा उघडते. पुन्हा भरतो, पुन्हा उघडते. मग कॉम्प्युटर सेंटरात अर्ज, पासवर्ड रीसेट, आणि परत तीच चौकट. खरं काय बिनसलं ते लॅपटॉपच्या नोंदीत लिहिलेलं असतं. टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल’ आज्ञेने ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या वायफाय जोडणाऱ्या सेवेच्या शेवटच्या ओळी काढाव्यात. तिथे ६९१ हा एरर असेल तर युजरनेम किंवा पासवर्ड खरोखरच चुकलाय. ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ किंवा ‘अनसेफ लेगसी रीनेगोशिएशन डिसेबल्ड’ असेल, तर पासवर्ड सर्व्हरपर्यंत गेलेलाच नाही. त्याआधीच बोलणी फिसकटली. अशा वेळी पासवर्ड शंभरदा रीसेट करूनही काही होणार नाही.

पासवर्ड तपासतो तो रेडियस सर्व्हर. त्याच्याकडे पासवर्ड जाण्याआधी टीएलएसचा (माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीचा) बंदिस्त मार्ग तयार व्हावा लागतो. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानकांतून अधिकृतपणे बाद झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या ओपनएसएसएल ३.० मध्ये (लिनक्स टीएलएससाठी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) मूळ सेटिंगवर ते चालत नाहीत. रीनेगोशिएशनमधल्या (चालू जोडणीत अटी पुन्हा ठरवण्यातल्या) दोषावरची दुरुस्ती तर २०१० सालची. ती न केलेल्या सर्व्हरशीही ओपनएसएसएल ३.० आपणहून बोलत नाही. म्हणजे लिनक्स नियमाप्रमाणे वागतो आणि सर्व्हर पंधरा वर्षं मागे असतो. लिनक्सच्या काही प्रकारांनी जुन्या सर्व्हरांसाठी सूट ठेवली, काहींनी नाही. त्यामुळे एकाच बाकावरचा एक लॅपटॉप जोडला जातो, शेजारचा नाही, आणि खापर लॅपटॉपवर फुटतं. शेवटी विद्यार्थी कुठूनतरी तोडगा शोधून ओपनएसएसएलच्या सेटिंग फाइलमधली सुरक्षेची पातळी शून्यावर आणतो. वायफाय चालू होतं खरं, पण ती फाइल एकट्या वायफायची नसते. ओपनएसएसएलवर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याने ढिला पडतो.

याहून गंभीर गोष्ट सूचनाफलकावर असते. ‘सीए सर्टिफिकेट आवश्यक नाही, या चौकोनात टिक करा’ असं छापील पत्रकात सांगितलेलं असतं. सीए सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल. ही टिक केली की समोरचा सर्व्हर कॉलेजचाच आहे का, हे लॅपटॉप विचारत नाही. कँटीनमध्ये बसून कुणी त्याच नावाचं वायफाय उभं केलं (एक लॅपटॉप आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं) तर आसपासची यंत्रं त्यालाही जोडली जाऊ शकतात. बंदिस्त मार्गाच्या आत पासवर्ड पडताळणारी एमएसचॅप व्हर्जन २ ही पद्धत फोडणं म्हणजे डीईएस या जुन्या संकेतपद्धतीची ५६ बिटांची एकच किल्ली शोधणं, हे २०१२ मध्येच दाखवून झालं आहे. त्याच पासवर्डवर परीक्षेचा अर्ज आणि फीची पावती उघडत असेल, तर धोका काय ते वेगळं सांगायला नको. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये तपासणी टाळण्याचा पर्यायच काढून टाकला गेला. आपली पत्रकं अजून तिथेच आहेत.

बरोबर पत्रक अर्ध्या पानात मावतं. सिक्युरिटी : डब्ल्यूपीए २ एंटरप्राइझ. ऑथेंटिकेशन : पीईएपी. डोमेन : रेडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर असलेलं नाव, जसंच्या तसं. सीए सर्टिफिकेट : कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल. आतली पद्धत : एमएसचॅप व्हर्जन २. त्याखाली युजरनेम, पासवर्ड. बस्स.

दोष लॅपटॉपचाही असू शकतो, तो नाकारत नाही. ब्रॉडकॉमच्या ४३१४२ या वायफाय चिपचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. रिअलटेक ८७२३बीई ही वायफाय चिप असलेल्या काही लॅपटॉपांत एकच अँटेना असते आणि ड्रायव्हर नेमका दुसरीकडे कान लावून बसतो. ड्रायव्हरमधल्या ‘अँट सिलेक्ट’ या सेटिंगची किंमत १ किंवा २ करून पाहिली की रेंज येते. दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजरमधला वायफाय पॉवरसेव्ह ३ वरून २ करावा, म्हणजे तो बंद होतो. नेटवर्क दिसतच नसेल तर राउटर बारा-तेरा नंबरच्या चॅनलवर आहे का ते पाहावं. देशाचा कोड ठरलेला नसेल तर लिनक्स त्या चॅनलवर स्वतःहून हाक मारत नाही. कॉलेजांनी २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ एवढेच चॅनल वापरले तर हा प्रश्नच उरणार नाही.

एक फसवा प्रकार कॉम्प्युटरच्या मुलांकडेच आढळतो. वायफाय जोडलं जातं, आयपी मिळतो, पण लॉगिनचं पान उघडत नाही. डॉकर हे सॉफ्टवेअर १७२.१७ ने सुरू होणारे सगळे पत्ते स्वतःकडे घेतं. कॉलेजचं लॉगिन पानही त्याच पट्ट्यात असेल तर लॅपटॉप ते स्वतःच्याच पोटात शोधत बसतो. डॉकरच्या डीमन फाइलमध्ये ‘बीआयपी’ या सेटिंगला १९२.१६८ मधला मोकळा पट्टा दिला की काम होतं. आणि जिथे मॅक पत्ता (लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा क्रमांक) नोंदवून घेतात तिथे फेडोरा या लिनक्स प्रकारात ४० व्या आवृत्तीपासून प्रत्येक वायफायला वेगळा पत्ता सांगितला जातो, म्हणून त्या जोडणीपुरता ‘परमनंट’ पत्ता निवडावा लागतो. मुळात मॅक पत्ता कुणालाही बदलता येतो. त्यावर सुरक्षा उभारण्यात अर्थ नाही.

आता मागणी. आपल्या विभागाने महाविद्यालयांसाठी परिपत्रक काढावं. रेडियस सर्व्हरवर किमान टीएलएस १.२ असावं, सर्टिफिकेट २०४८ बिटांच्या किल्लीचं आणि एसएचए-२५६ स्वाक्षरीचं असावं, सीए फाइल व डोमेनचं नाव संकेतस्थळावर असावं, आणि लॉगिनसाठी फक्त विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम सक्तीचा नसावा. फ्रीरेडियस हे रेडियस सर्व्हरचं सॉफ्टवेअर मोफत आहे. खर्च येतो तो माणसाच्या कामाचा. कॉलेजने स्वतःचं सीए सर्टिफिकेट दहा वर्षांच्या मुदतीचं केलं तर दरवर्षी मुलांना नवी फाइल वाटावी लागत नाही.

सुरुवात सोलापुरातून करता येईल. २००४ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं आहे, त्यामुळे संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोचणं सोपं. भारतात एर्नेट इंडिया चालवत असलेल्या एज्युरोममध्ये (शिक्षणसंस्थांच्या सामायिक वायफाय व्यवस्थेत) ही सगळी महाविद्यालयं आली तर बार्शीच्या किंवा अक्कलकोटच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप विद्यापीठाच्या केगावच्या आवारात आपोआप जोडला जाईल. एज्युरोमकडे लिनक्ससाठी तयार इन्स्टॉलरही आहे.

तपासणीची पद्धत परिपत्रकातच लिहावी, नाहीतर ‘पूर्तता झाली’ असा शेरा मारून फाइल बंद होईल. ‘ईएपीओएल टेस्ट’ या जोडणी तपासणाऱ्या छोट्या साधनात टीएलएस १.० आणि १.१ बंद ठेवून, सीए फाइल व डोमेन देऊन जोडणी करावी. ती झाली पाहिजे. मग डोमेनचं एक अक्षर मुद्दाम बदलून पुन्हा करावी. ती नाकारली गेली पाहिजे. दोन्हींच्या नोंदी तारखेसह अहवालाला जोडाव्यात.

आपले,
सोलापुरातील लिनक्स वापरकर्ते