पाऊल उचलून देणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम,

तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "पाय पुढे टाका" म्हणता, म्हणून हे पत्र.

पक्षाघातानंतर मी काठी घेऊन चार पावलं टाकू लागलो, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अहो, चालताय की!" तुम्ही मात्र माझा डावा बूट काढून उलटा धरलात. चवड्याकडचं टोक घासून पांढरं पडलं होतं, टाच जवळजवळ कोरी. पाऊल लोंबतं, पुढे टाकताना जमिनीला अडकतं, म्हणून मी कंबर उचलून पाय बाहेरून गोल फिरवतो, हे तुम्हाला बुटावरूनच कळलं.

स्नायूला विजेचे हलके झटके देणारं करंटचं मशीन मला नवं नव्हतं. आधी एका ठिकाणी पॅड चिकटवून मला पलंगावर आडवं करायचे आणि वेळ संपली की कोणीतरी येऊन बंद करायचं. तुम्ही आधी पेसमेकर आहे का, फिट येते का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारलंत, कातडी तपासलीत आणि मग मला उभंच केलंत.

पॅडची जागा शोधताना तुमची चिकाटी पाहिली. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा आहे, तिथे नस अगदी कातडीखालून जाते. एक पॅड तिथे, दुसरा नडगीच्या बाहेरच्या स्नायूवर. जरा इकडे सरकवला की पाऊल बाहेर वळायचं, जरा तिकडे की आत. शेवटी ते सरळ वर आलं. इतक्या दिवसांनी! मी न उचलता, हेही खरं. तुम्ही लगेच पेनाने पॅडभोवती रेघ ओढलीत आणि बायकोला फोटो काढून ठेवायला सांगितलंत. घरी आमचं निम्मं भांडण त्या फोटोमुळे वाचलं.

बुटात टाचेखाली मशीनचं बटण असतं. टाच उचलली की करंट सुरू, टेकली की बंद. लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी 1961 मध्ये हीच युक्ती मांडली, हे तुम्ही पॅड चिकटवता चिकटवता सांगितलंत. मेंदूकडून येणारा निरोप वाटेत अडला असला तरी पाठीच्या कण्यापासून स्नायूपर्यंतची नस शाबूत आहे, म्हणून करंट लागू पडतो. ती नसच गेली असती तर हे मशीन उपयोगाचं नव्हतं, हेही तुम्हीच समजावलंत. इतके दिवस हे कोणी सांगितलं नव्हतं.

"मशीन उचलतंय म्हणून गप्प बसू नका, त्याच क्षणी तुम्हीही पाऊल वर ओढा," हे तुमचं पालुपद आता झोपेतही ऐकू येतं. करंटवर चालणारा स्नायू लवकर थकतो, म्हणून चवडा परत घासायला लागला की थांबायचं, हा नियम मी पाळतो. (बायको पाळायला लावते.)

मला सर्वात मोलाचं वाटलं ते वेगळंच. मशीन काढल्यावर पाऊल आपोआप उचललं जाईल का, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही गोड बोलला नाहीत. काहींना थोडा फरक राहतो, काहींना ते चष्म्यासारखं कायम वापरावं लागतं, म्हणालात. पाऊल वर धरून ठेवणाऱ्या साध्या स्प्लिंटनेही चालण्याचा वेग बहुधा तेवढाच सुधारतो, तेव्हा महाग तेच भारी असं समजू नका, हेही सांगितलंत. विकणाऱ्याच्या तोंडून हे कधी आलं नसतं.

सध्याची हकिकत अशी. बाहेर मशीन लावून चालतो, उंबरठा न अडखळता ओलांडतो. घरात खोलीपुरतं मशीनशिवाय जमतं, दमलो की पाय पुन्हा गोल फिरतो. घोटा वर ओढायचा व्यायाम रोज चालू आहे. पॅडच्या कडा सुटायला लागल्यात आणि एका जागी कातडी लाल होते, ते पुढच्या खेपेला दाखवतो. बूटही घेऊन येतो, पाहून घ्या.

आपला ऋणी,
तुमचा एक पेशंट