मन्याचे पाच मार्क

डोंबिवली, रविवार रात्र

प्रिय मन्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. तब्येत बरी, साखर आटोक्यात.

लाओगोंग आठवतो? तळहातावरचा तो अॅक्युपंक्चरचा बिंदू, सुई टोचायची जागा. प्रॅक्टिकलला तू अनामिका दुमडलीस आणि तिचं टोक टेकलं तिथे पेनाने खूण केलीस. मी मधलं बोट दुमडलं. तुझे पाच मार्क गेले. वर मी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत तुला ‘हस्तरेषातज्ज्ञ’ म्हणालो आणि पैजेची मिसळ वसूल केली.

परवा तोंडी परीक्षेला एका मुलीने नेमकी अनामिका दुमडली. मी पाच मार्क कापले. तिने विचारलं, “सर, हे चूक कुणी ठरवलं?” म्हटलं, “पुस्तकाने.” पोरगी गेली, प्रश्न काही जाईना.

रात्री ‘झेनजिउ दाचेंग’ या अॅक्युपंक्चरच्या जुन्या चिनी ग्रंथाचा अनुवाद काढला. मूळ ग्रंथ यांग जीझोउचा, १६०१ चा. लाओगोंगखाली लिहिलंय, तळहाताच्या मध्यभागी, नाडी उडते तिथे. एवढं तिसऱ्या शतकात हुआंगफू मी नावाच्या ग्रंथकारानेही सांगितलंय. पण यांग पुढे भांडणच मांडून ठेवतो. ‘काशाचा माणूस’ ग्रंथ म्हणतो अनामिका दुमडा, वांग झीझोंग हा दुसरा जुना ग्रंथकार म्हणतो मधलं बोट, आणि हुआ शोउ हा तिसरा म्हणतो दोन्ही दुमडा नि त्यांच्या मधली जागा धरा, तेच उत्तम. यांग निकाल देत नाही. मार्क तर नाहीच कापत.

आणि तुझ्या बाजूचा तो ‘काशाचा माणूस’ म्हणजे ऐरागैरा नव्हे रे! चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारातल्या वांग वेइयीचा १०२६ चा ग्रंथ. जागांचा घोळ एकदाचा मिटावा म्हणून त्याने १०२७ मध्ये माणसाएवढे दोन काशाचे पुतळे ओतवले. जुनं वर्णन असं, की वरून मेण, आत द्रव. सुई बरोबर बसली तर थेंब बाहेर, चुकली तर शिरतच नाही. त्या परीक्षेत तू बहुधा पास, मी कोरडा. आपल्या सरांपुढे मात्र फक्त घशाला कोरड पडायची.

घोळ मिटला म्हणशील, तर तेही नाही. २००६ मध्ये जपानात त्सुकुबाला चीन, जपान, कोरिया आणि इतर काही देशांचे तज्ज्ञ बसले. ३६१ पैकी सहा बिंदूंवर एकमत झालंच नाही, आणि त्यात हा आपला लाओगोंग. २००८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात तळव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या हाडामधली जागा मुख्य, तिसऱ्या-चौथ्यामधली पर्यायी. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. खालची टीप मी कधी वाचलीच नव्हती.

उद्या गुणपत्रक जाणार. मार्क परत दिले तर सगळा वर्ग दारात उभा राहील. नाही दिले तर त्या मुलीसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि ही एकच नाही ना, चौदा वर्षं कापतोय मी. किती मन्या झाले असतील? तू असतास तर म्हणाला असतास, “आधी माझी मिसळ टाक.” टाकतो. पण सकाळी दहाच्या आत फोन करून सांग, काय करू.

सायलीला मेडिकल मिळालं ना? अभिनंदन. गच्चीची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. लिहिता लिहिता तिन्ही पद्धती करून पाहिल्या. माझी अनामिका हल्ली तळहाताला टेकतच नाही, अर्ध्यात अडकते. तुझी टेकते का बघ.