मृणाल, इतक्यात येऊ नकोस

चि. सौ. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू रागावून म्हणालीस, "मावशीला आतून रेडिएशन दिले तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते, मग तुझ्याजवळ का नको?" फोनवर मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून लिहिते. उद्या थायरॉइडच्या उपचाराची किरणोत्सारी आयोडीनची गोळी घेतल्यावर माझ्या घामातूनही थोडे आयोडीन बाहेर पडणार, तेव्हा कागदाला हात लावायचा तो आजच.

मावशीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिली ती ब्रॅकीथेरपी. तीत इरिडियम या किरणोत्सारी धातूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तारेच्या टोकाला बसवून नळीतून थेट गाठीपाशी नेतात, काही मिनिटे तिथे ठेवतात आणि यंत्र तो पुन्हा आपल्या पेटीत ओढून घेते. तुकडा बाहेर आला की रुग्णाच्या अंगात काहीच उरत नाही. म्हणून तू तिच्याजवळ बसू शकलीस. ती काही मिनिटे मात्र तुलाही दाराबाहेरच थांबवले होते, हे तू विसरलीस.

माझे तसे नाही. शस्त्रक्रियेत गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढली, तरी तिच्या काही पेशी मागे राहतात, आणि रक्तातले आयोडीन ओढून घेण्याची त्यांची सवय सुटत नाही. या सवयीचाच उपचारात उपयोग करतात. दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्राची मासळी बंद ठेवून मी त्या पेशींना उपाशी ठेवले आहे (बांगड्यावाचूनचे हे दिवस मला शस्त्रक्रियेहून जड गेले, पण ते डॉक्टरांना सांगितलेले नाही). उद्या त्यांच्यापुढे किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१, येईल, १०० मिलिक्युरी (हे किरणोत्साराचे माप). त्याचे बीटा किरण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे ज्या पेशींनी आयोडीन घेतले त्याच मुख्यतः मरतात.

अडचण आहे ती त्याच्या गॅमा किरणांची. ते शरीराच्या आरपार जातात. त्यांच्यामुळेच नंतरच्या स्कॅनमध्ये आयोडीन कुठे बसले ते दिसते, आणि त्यांच्यामुळेच शेजारी बसणाऱ्यालाही किरणांची मात्रा मिळते. शिवाय लाळ, घाम व लघवी यांतून आयोडीन बाहेर येत असते. ते तुझ्या पोटात गेले तर वारेतून बाळापर्यंत पोहोचेल, आणि तुला पाचवा महिना असल्याने बाळाची थायरॉइड आता आयोडीन घेऊ लागलेली आहे. हे आयोडीन आजीच्या औषधातले आहे, हे त्या इवल्या ग्रंथीला कसे कळावे?

आपल्यावर कुणी प्रयोग करीत आहे, अशी भीती बाळगू नकोस. थायरॉइडच्या विकारावर किरणोत्सारी आयोडीन १९४१ साली बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी प्रथम दिले, आणि असे उपचार करणारे मुंबईतल्या परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, आणि त्याआधीच त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. म्हणून भरपूर पाणी पिण्याची आणि दोनदा फ्लश करण्याची सक्त ताकीद आहे. रुग्णालयात मला वेगळ्या खोलीत ठेवतील; तिथून सुटका अंगातल्या किरणोत्साराचे मोजमाप पाहून होईल. घरी आल्यावरही तू किती दिवस लांब राहायचे ते तिथले फिजिसिस्टच, म्हणजे किरणांचे मोजमाप पाहणारे तज्ज्ञ, लिहून देणार आहेत, आणि त्यात मी घासाघीस करणार नाही. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण मात्र मीच करीन. तोवर पुष्कळ अवकाश आहे.

लाळग्रंथींत आयोडीन साचू नये म्हणून मला लिंबाच्या गोळ्या चघळायला सांगणार आहेत. डोहाळे तुझे आणि आंबट खाणार मी! फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवणार आहे, तेव्हा रात्री आठनंतर कर.

तुझी,
आई