निष्कर्ष आधी, पुरावा नंतर?

महोदय,

संख्याशास्त्राची शिक्षिका असल्याने प्रबंध हाती आला की मी आधी शेवटचे प्रकरण उघडते. तिथे ठाम वाक्य असते, ‘यावरून सिद्ध होते की...’ कशावरून? प्रश्नावली ज्यांनी भरूनच दिली नाही, त्यांचा साधा उल्लेखही नसतो! याउलट खगोलशास्त्रज्ञ केप्लर पाहा. त्याचे मंगळाच्या कक्षेचे गणित आणि खगोलनिरीक्षक टायको ब्राहेची मंगळाची निरीक्षणे यांत अवघ्या ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडत होता. तो सहज दडपता आला असता. पण केप्लरने वर्तुळाकार कक्षाच सोडली आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. न जुळणारी आकडेवारी विद्यार्थ्यांनी परिशिष्टात ढकलू नये, निष्कर्षाशेजारीच छापावी. परीक्षकांनीही तेवढ्यासाठी प्रबंध परत पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

– एक संख्याशास्त्र शिक्षिका