बिलमंजुरीची आकृती तपासताना

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार.

तुझी बिलमंजुरीची आकृती पाहिली. सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याआधी तिचं पेट्री नेट कर, म्हणजे कामाचा ओघ तपासता येईल असं गोल-चौकोन-बाणांचं चित्र. याचं मूळ कार्ल आडाम पेट्रींच्या १९६२च्या प्रबंधात आहे. गोल म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे काम, आणि प्रकरण कुठवर आलंय ते टोकन दाखवतं. आधीच्या सगळ्या गोलांत टोकन असलं तरच काम होतं. झालं की ती टोकनं जातात आणि पुढच्या प्रत्येक गोलात एकेक येतं.

तुझे सहा गोल: सुरुवात, माल (तपासायचा) बाकी, दर (तपासायचा) बाकी, माल (तपासून) झाला, दर (तपासून) झाला, शेवट. नोंद झाली की दोन्ही तपासण्या एकदम सुटतात. दोन्ही झाल्या की पैसे. याच्या अवस्थाही, म्हणजे टोकनं एका वेळी कुठेकुठे असू शकतात त्या मांडण्या, सहाच; कागदावर लिहून काढ. आता 'माल नाकारला' हा थेट शेवटाकडे जाणारा तुझा बाण जोड. अवस्था आठ होतात, आणि नव्या दोन्हींत शेवटाला टोकन असूनही दराच्या वाटेवर एक उरतंच. म्हणजे बिल बंद झालं, तरी दर तपासणाऱ्याच्या यादीत ते राहू शकतं.

संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डर आल्स्ट यांची 'साउंडनेस' ही कसोटी नेमकं हेच पकडते: कुठल्याही अवस्थेतून शेवट गाठता यावा, शेवटी मागे काही उरू नये, आणि कधीच होऊ न शकणारं काम आकृतीत नसावं.

तेव्हा नाकारलं तरी निकाल नोंदवून टोकन 'माल झाला'मध्येच जाऊ दे. पैसे द्यायचे की बिल परत करायचं, ते दोन्ही टोकनं एकत्र आल्यावर ठरव. दरतपासणी मध्येच रद्द करायचा मोह होईल, पण टोकनं पुसणारे बाण आले की साउंडनेस ठरवणारी सर्वसाधारण रीतच उरत नाही.

जोडणी जपून कर. एकदम सुटलेल्या वाटा 'कोणतीही एक आली की पुढे' अशा जोडल्यास तर पैसे दोनदा जातील. उलट, एकच वाट निवडून पुढे दोन्हींची वाट पाहिलीस तर बिल कायमचं अडकेल.

रकमेच्या अटी मात्र या नेटला दिसत नाहीत. तू '५०,०००पेक्षा कमी' आणि '५०,०००पेक्षा जास्त' असं लिहिलं आहेस. बरोबर ५०,०००चं बिल कुठेच जाणार नाही, आणि नेट तरी निर्दोष ठरेल. प्रत्येक फाट्यावर कुठल्याही रकमेला नेमकी एकच अट लागते का, हे वेगळं तपास.

पुढे तपासण्या वाढवशील तेव्हा हाताने मोजू नकोस. दहा एकदम सुटल्या की त्यांच्याच १,०२४ अवस्था होतात. 'वोपेड'सारखं पेट्री नेट तपासणारं साधन वापर.

सुधारलेली आकृती पाठव, फाट्यांवरच्या अटींसकट.

तुझा,
अविनाश