डाव्या हाताने लिहिलेलं पत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. 1974 च्या उन्हाळ्यात तुमची बदली झाली आणि त्यानंतर तुम्ही कुठे गेलात ते गावात कुणालाच सांगता येईना. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्या लेकरा-नातवंडांपैकी कुणाच्या वाचनात आलं तरी पावलं म्हणेन.

करमाळा तालुक्यातली आपली दोनशिक्षकी शाळा, दुष्काळाचं 1972 साल. तुम्ही आलात तेव्हा मी चौथीत होतो. मला नावाने कुणी हाक मारत नसे, 'डावऱ्या'च म्हणत. पहिलीपासून डाव्या हातात पेन्सिल दिसली की त्याच हाताच्या उलट्या बोटांवर लाकडी रूळ बसायचा. तिसरीत तर काही दिवस माझा डावा हात सुतळीने करगोट्याला बांधलेला असायचा. पावकी, निमकी, औटकी मला तोंडपाठ होती, पण लिहायला बसलो की घशाला कोरड पडायची. संध्याकाळी सुजलेल्या बोटांनी भाकरी मोडताना आई बघायची आणि गप्प राहायची. वडिलांनीच गुरुजींना सांगून ठेवलं होतं, हाणा, पण सवय मोडा. गुरुजींनाही तेच योग्य वाटत होतं. त्यांच्यावर माझा राग नाही, पण ते मारणं चूक होतं, हे आज या वयात मी स्पष्ट म्हणतो.

तुम्ही गुरुजींशी भांडला नाहीत. चौथीचा वर्ग मागून घेतलात. पहिल्याच आठवड्यात माझी वही बघितलीत. उजव्या हाताने गिरवलेली, कोंबडीचे पाय उमटल्यासारखी अक्षरं. मग विचारलंत, "बाळ, तुला कुठल्या हाताने येतं?" मला उत्तर देववेना. तुम्हीच टाक उचलून माझ्या डाव्या हातात दिलात.

पुढचं मी कधीच विसरणार नाही. डाव्या हाताने लिहू लागलो तर दोन शब्दांत सगळं फिस्कटलं. हात पुढे सरकताना ओल्या शाईवरूनच जायचा, आणि उजव्या हाताचा माणूस टाक ओढतो तसा मला तो ढकलावा लागायचा, त्यामुळे निब कागदात रुतून शाई उडायची. तुम्ही तरटपट्टीवर माझ्या शेजारी बसलात, टाक स्वतःच्या डाव्या हातात घेतलात आणि लिहू लागलात. तुमचीही करंगळीखालची कड निळी झाली. ती कड तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग वही फिरवून तिचा वरचा भाग उजवीकडे कलता केलात, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो. निब पाटीवर घासून बोथट करून दिलीत. "आधी ओळभर अक्षरं काढ, शाई वाळू दे, मग शिरोरेघ मार," म्हणालात. आणि मला पट्टीच्या डाव्या टोकाला बसवलंत, कुणाच्या कोपराला कोपर लागू नये म्हणून.

तुमची शिस्त काही सैल नव्हती. रोज दहा ओळी शुद्धलेखन, रफार चुकला तर पुन्हा दहा. एकदा मी शुद्धलेखन न करता आलो तेव्हा पंचवीस उठाबशा काढायला लावल्यात. पण त्या आळसाच्या होत्या, हाताच्या नव्हत्या. हा फरक नऊ वर्षांच्या पोरालाही कळतो.

आणि तुम्ही घरी आलात. आई-वडील नालाबंडिंगच्या कामावरून नुकते आले होते, डब्यात सुकडी होती. आजी म्हणाली, डाव्या हाताने देवाचा प्रसाद घेतो का कुणी? तुम्ही तिला मान दिलात. "जेवण आणि प्रसाद उजव्या हातानेच घेईल, लिहिणं तेवढं डाव्याने लिहू द्या." आजी कबूल झाली. वडील तुमच्यासमोर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवी दौत घेऊन आले.

बाई, मी तलाठी झालो. 36 वर्षांच्या नोकरीत हजारो सातबारे आणि फेरफार याच हाताने लिहिले. पुढे सगळं संगणकावर गेलं, तरी जुने उतारे काढताना लोक विचारायचे, हे अक्षर कुणाचं? दरवेळी तुमची आठवण यायची. कळवायला मात्र मी पन्नास वर्षं लावली, त्याबद्दल क्षमा करा.

परवा नात शाळेतून आली आणि डाव्या हाताने 'ग' काढत बसली. तिला शाळेत कुणी काही म्हणालं नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने तर मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदीच आहे. तुमच्या पाठीशी असा कुठलाही कायदा नव्हता. मी तिची वही थोडी उजवीकडे कलती करून दिली.

हे पत्र आधी शाईने कागदावर लिहिलंय. आत्ता हात उलटा करून बघितला, करंगळीखालची कड कोरी आहे.

तुमचा विद्यार्थी,
चौथीतला, पट्टीच्या डाव्या टोकाचा