सामुराई जॅक जपानी नव्हे हो!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कार्टूनवरचा लेख वाचला, रात्रभर धुसफुसले आणि आज सकाळी कागद पुढे ओढला. टीव्हीवरची कार्टून्स म्हणजे नुसता कलकलाट आणि आपटाआपटी, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. ठीक आहे, मत ज्याचं त्याचं. पण त्या लेखाच्या डोक्यावर तुम्ही चित्र छापलंत सामुराई जॅकचं, आणि खाली ओळ टाकलीत, ‘मुलांचं लाडकं जपानी कार्टून’. पांढरा झगा, हातात तलवार आणि डोक्यावर बुचडा दिसला की झालं जपानी!

जॅक गोष्टीत जपानी असेल, पण हे कार्टून अमेरिकेतलं. २००१ साली कार्टून नेटवर्कसाठी ते घडवलं गेंडी टार्टाकोव्हस्की या दिग्दर्शकाने. हा गृहस्थ जन्माने मॉस्कोचा, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेला. (‘गेंडी’ नाव ऐकून आमच्या घरी एक अख्खी संध्याकाळ हसण्यात गेली होती, ते जाऊ दे.) तेव्हा एक वेळ रशियन म्हटलं असतंत तरी मी गप्प बसले असते.

आणि चित्राच्या ओळीपेक्षाही जास्त झोंबलं ते दुसरंच. कलकलाटाचा नमुना म्हणून तुम्हाला सापडलं कोण, तर जॅक! टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये याच्याइतकं शांत बसायची हिंमत फारशी कुणी केलेली नाही. मिनिटं जातात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. वारा वाहतो, गवत हलतं, जॅकचे फक्त डोळे दिसतील एवढीच आडवी पट्टी पडद्यावर उरते आणि वरखाली काळं. तीन आंधळ्या तिरंदाजांचा एक भाग आहे. ते नुसत्या कानांवर नेम साधतात, म्हणून जॅकही स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि बर्फात उभा राहून ऐकायला शिकतो. बघणाऱ्यालाही त्याच्याबरोबर कान टवकारावे लागतात. कलकलाट म्हणे.

आता माझी स्वतःची कथा सांगते. निन्जाचा एक भाग आहे. निन्जा काळ्या कपड्यातला, अंधारात शिरला की गायब. मग जॅक काय करतो, तर अंगावरचाच पांढरा कपडा फाडून तोंडाला गुंडाळतो आणि उजेडात जाऊन उभा राहतो. तोही गायब! पडद्यावर काळा आणि पांढरा एवढे दोनच रंग. काळ्यातून पांढऱ्यात झेप घेतली की जॅक क्षणभर दिसतो आणि पुन्हा उजेडात विरघळतो. हे जमतं कारण या दिग्दर्शकाने मालिकेतल्या आकृत्यांच्या कडेची काळी रेघच काढून टाकली आहे. रेघ असती तर पांढऱ्यावर पांढरा माणूस लपला असता कसा? त्यात बाहेर सूर्य मावळत चाललेला. म्हणजे जॅकला लपायला जो उजेडाचा तुकडा आहे तो आकसत आकसत जातो. एवढा मोठा पेच, आणि तो समजावून सांगायला कुणी तोंड उघडत नाही.

मी आणि माझा मोठा मुलगा श्वास रोखून बघत होतो. शेजारी अण्णा, माझे सासरे, खुर्चीत पेंगत होते. खोलीत एकदम शांतता झाली तसे दचकून जागे झाले. “आवाज गेला का गं? केबलवाल्याला फोन कर.” मी म्हटलं, “अण्णा, आवाज आहे, शांततेचा सीन आहे.” “कार्टूनमध्ये कसली शांतता?” म्हणत त्यांनी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. काही ऐकू येईना, आणखी वाढवला. इकडे उजेड चार बोटं उरलेला, जॅक तलवार धरून उभा, आणि नेमक्या त्या घटकेला वाहिनीने सीन मधूनच तोडून टूथपेस्टची जाहिरात सोडली. भिंती हादरल्या. अण्णांच्या हातातून रिमोट उडाला. आत महत्प्रयासाने निजवलेला धाकटा किंचाळत उठला. त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालून मी परत येईपर्यंत भाग संपलेला, आणि नामावली पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी करून पुढच्या कार्यक्रमाची दवंडी सुरू. थोरल्याला विचारलं, काय झालं रे शेवटी? तो म्हणतो, “आई, जॅकच जिंकणार ना, मालिकेला नाव त्याचंच आहे.” बरोबर आहे, पण मला कसा जिंकतो ते बघायचं होतं! तो शेवट बघायला मला पुढे काही वर्षं लागली.

हे विस्ताराने लिहायचं कारण असं की, या दिग्दर्शकाचा विनोदही असाच थांबण्यात असतो. आपण हसायला तयार होतो आणि तो आणखी दोन क्षण काहीच घडू देत नाही. त्या दोन क्षणांत कुणी जाहिरात घातली की सगळा खेळ खलास. जॅक आणि त्या आडदांड स्कॉट्समनची पहिली भेट आठवा. लांबच लांब झुलता पूल, दोघे दोन टोकांकडून येतात आणि मधोमध अडतात. तू मागे फिर. नाही, तू फिर. एवढ्यावर भाग उभा आहे. एक अति सभ्य, दुसरा श्वास न घेता शिव्यांची लाखोली वाहणारा, आणि ती संपेपर्यंत जॅकचा चेहरा जसाच्या तसा. हसू येतं ते त्या चेहऱ्याचं. पुढे दोघे एकाच साखळीत अडकतात तेव्हा तर मला आमची भाऊबंदकीच आठवली.

आणि डेक्स्टर या पोरवयाच्या शास्त्रज्ञाचं तर लेखात नावही नाही! १९९६ साली सुरू झालेली ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ याच दिग्दर्शकाची, मूळ कल्पना त्याच्या विद्यार्थिदशेतली. त्यातला फ्रेंचच्या परीक्षेचा भाग घ्या. बुटका डेक्स्टर झोपेत फ्रेंच शिकायला रात्री रेकॉर्ड लावतो, ती एका जागी अडकते, आणि सकाळी त्याच्या तोंडून ‘ऑम्लेट द्यु फ्रोमाज’ (म्हणजे चीजचं ऑम्लेट) याखेरीज शब्द निघत नाही. फ्रेंच जाणणारे सांगतात की हे व्याकरणानेही चुकीचं आहे. तरी शाळेतल्या मुली भाळतात, जग डोक्यावर घेतं. शेवटी स्वतःच्याच प्रयोगशाळेच्या दारात परवलीचा शब्द विचारला जातो, आणि हा बिचारा पुन्हा ऑम्लेटच. प्रयोगशाळेचा धूर. एकच गॅग, पण प्रत्येक वेळी त्याचं वजन वेगळं. आमच्याकडे आजही कुणी तेच तेच बोलायला लागलं की ‘ऑम्लेट झालं’ म्हणतात.

आणि बघा, डेक्स्टरला कडेने जाडजूड काळी रेघ होती. पाच वर्षांनी त्याच माणसाने जॅकमधून ती पुसली. यशस्वी झालेली आपली खूण स्वतःच्या हाताने पुसायला छाती लागते. पुढे २०१९ मध्ये ‘प्रायमल’ आणली, आदिमानव आणि डायनासॉर यांची, जवळजवळ मुकी. (ती मोठ्यांसाठी आहे, लहानांना दाखवू नये. रक्ताचे पाट आहेत. लेखकमहाशयांना हिंसेवर लिहायचंच होतं तर हे तरी हाताशी होतं, पण त्यासाठी बघावं लागतं.)

२००१ ते २००४ मध्ये जॅकचे ५२ भाग झाले आणि राहिलेली गोष्ट पूर्ण करायला १० भागांचा शेवटचा हंगाम आला तो थेट २०१७ साली. तेरा वर्षं! पहिल्या वेळी सोबत बसणारा माझा मुलगा तोवर नोकरीला लागला होता. तो हंगाम आम्ही दोघांनी आपापल्या घरी बघितला आणि मध्ये मध्ये फोन केला, बहुतेक न बोलण्यासाठीच. अण्णा नव्हते. असते तर म्हणाले असते, लाइन कट झाली का बघ.

जाता जाता एक. तीन महिन्यांपूर्वी ध्वनिक्षेपकांवरचं माझं पत्र तुम्ही छापलंत, आभारी आहे. पण त्यातलं शेवटचं वाक्य कापलंत, आणि गंमत होती ती त्या वाक्यात. उरलेलं पत्र एखाद्या सरकारी अर्जासारखं दिसत होतं. नणंदेने फोन करून विचारलं, “अगं, तब्येत बरी आहे ना?” हे पत्र लांबलं आहे, मला कळतं. जागेअभावी कापणारच असाल तर टूथपेस्टच्या वरचं काय ते कापा, पण पूल आणि ऑम्लेट यांना हात लावू नका. आणि चित्राखालच्या त्या जपानी ओळीची दुरुस्ती छापणार असाल तर कृपया वाचता येईल अशा अक्षरांत छापा, मागच्या दुरुस्तीला मी भिंग लावलं होतं.

आपली,
एक जुनी वाचक